लाइट गेली तरी गाणारा डेक

मित्रांनो, मी एक जुना डेक आहे. डबल कॅसेटचा, दोन उंच स्पीकर-बॉक्सचा, आणि सध्या तोंड लपवायला जागा शोधणारा! राजूरला कचरूतात्यांच्या घरात खिडकीशेजारच्या फळीवर मी बसतो. माझ्या अंगावर तात्यांच्या पत्नीनं, कलाबाईंनी विणलेला दोऱ्याचा रुमाल असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, धूळ बसू नये म्हणून तो घातलाय. मला विचाराल तर तो माझ्या लाजेवर पांघरूण म्हणून घातलाय.

पण थांबा. लाजेची गोष्ट सांगायची तर आधी तोऱ्याची सांगायला हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, याच्याकडे मुळात लाजायला होतंच काय!

माझा जन्म नगरचा. कुठल्या मोठ्या कारखान्यात नव्हे बरं का, एका बोळात, आसाराम मेकॅनिकच्या दुकानात. तिथे कथलाच्या धुराचा वास भरलेला असे. माझी मोटर एकीकडून आली, बटणं दुसरीकडून आली, बॉक्स शेजारच्या सुतारानं केले आणि त्यांच्यावर सागवानी रंगाचा सनमायका चढवला. माझ्या कपाळावर मात्र आसारामनं हौसेनं लाल-हिरव्या दिव्यांची रांग बसवली. गाणं उसळलं की दिवे उसळणार, गाणं बसलं की दिवे बसणार. ते नाचू लागले की दुकानात रेडिओ दुरुस्तीला आलेली माणसं रेडिओ विसरून माझ्याकडेच बघत राहत. मग सांगा, मी तोरा का नाही मिरवायचा?

कचरूतात्या राजूरच्या शाळेत शिपाई. त्यांनी मला गोधडीत गुंडाळलं आणि एसटीत चक्क मांडीवर घेतलं. बॉक्स टपावर, मी मांडीवर. संगमनेर सोडल्यावर कंडक्टरनं विचारलं, "काय पाव्हणं, मांडीवर कोन निजलंय? बारकं हाय का?"

"व्हय," तात्या म्हणाले, "पन रडत न्हाई. गातं."

सगळी गाडी हसली. तो माझ्या आयुष्यातला पहिला कौतुकाचा शब्द. अजून लक्षात आहे.

राजूरला माझे दिवस राजासारखे गेले. दर चौदा एप्रिलला तात्या मला उंबऱ्याजवळ मांडत. बॉक्स दाराच्या दोन्ही अंगांना, जणू चोपदारच! सकाळी पांढऱ्या साड्या नेसून बाया जमत. तात्या माझ्या माइकवर बुद्धवंदना म्हणत आणि तो आवाज पार डोंगराच्या वाटेला लागलेल्या माणसापर्यंत पोचे. नंतर दिवसभर जयंतीची गाणी. तात्यांचा मुलगा योगेश आणि मुलगी दीपा तेव्हा लहान होती. माझे दिवे नाचले की तीही नाचत.

तात्यांबद्दल एक सांगायलाच हवं. शाळेची घंटा त्यांच्या हातात. गणिताच्या तासाला पोरं खिडकीतून हातवारे करत, "तात्या, लवकर वाजवा ना!" तात्या म्हणत, "घंटेला खोटं बोलाया लावू का मी?" सगळ्या राजूरला हे माहीत होतं. लोक त्यांच्या घंटेवर घड्याळ लावत.

मग वर्षं गेली. मला कुणी उघडलं नाही, पुसलं ते वरवर. माझ्या पोटात मोटर आणि चकती यांना जोडणारा एक रबरी बेल्ट असतो, तो सैलावला. डाव्या बॉक्सच्या मागच्या बाजूनं उंदीर शिरला आणि त्यानं स्पीकरचा कागद कुरतडला. मी माझ्या परीनं गातच होतो. पण एका चौदा एप्रिलला, सगळी वस्ती जमलेली असताना, माझं गाणं रखडलं. असं रखडलं, असं रखडलं, की गाणारा माणूस जणू चिखलात रुतत चाललाय. डावा बॉक्स तर फरफर करू लागला. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, कचरूच्या डेकला झोप लागली!" पोरं खो खो हसली. तात्यांनी माझ्या बटणावर बोट ठेवलं. त्यांच्या त्या बोटाला घाम होता. मला तेव्हा वाटलं, याहून मोठी लाज काय असणार!

वेडा होतो मी. मोठी लाज अजून यायची होती.

दीपा आता नववीत होती आणि योगेश जवळच, तालुक्याच्या गावी अकोल्याला कॉलेजात. वर्गातल्या मुली तिला रखडत्या आवाजात "दी...ऽ...पाऽऽ" अशी हाक मारत. तिनं आणि योगेशनं तात्यांपुढे धोशा लावला, नवीन सिस्टीम घ्या. तात्या म्हणाले, "बेल्ट ढिला झाला आसंल. नगरला न्यावा लागंल."

"तात्या, हा म्हातारा झालाय," दीपा म्हणाली. "याला विका."

"आदी जुना जाऊ द्या, मंग नवा येईल," तात्या म्हणाले.

झालं! यंदाच्या जयंतीच्या आत मला विकायचं, म्हणजे जयंतीला नवी सिस्टीम उंबऱ्यावर. दीपानं नगरच्या पेपरात छोटी जाहिरात दिली. मजकूर तिनंच केला: 'डबल कॅसेट डेक, दोन बॉक्ससह, एकहाती वापर, आवाज नव्यासारखा.' मी फळीवरून ऐकत होतो. 'नव्यासारखा' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

घरात फोन नव्हता. म्हणून समोरच्या मच्छिंद्रशेठच्या किराणा दुकानाचा नंबर दिला आणि पुढे 'पी.पी.' लिहिलं. म्हणजे फोन शेठचा, बोलावणं शेठचं. फोन आला की शेठ गल्लीभर आवाज देत, "दीपेऽऽ! तुझ्या डेकचं गिऱ्हाईक!"

बाप रे, ती गिऱ्हाइकं! पहिल्यानं ना नमस्कार, ना चमत्कार, थेट विचारलं, "लास्ट किती?" अजून फस्ट सांगितलंच नव्हतं! दुसरा म्हणाला, "कोनाला देऊ नका बरं का, उद्या सकाळच्या गाडीनं येतो." दीपा शाळा बुडवून थांबली. मला पुसलं, रांगोळीसुद्धा काढली. सकाळची गाडी आली, संध्याकाळची गेली, तो बाबा काही उगवला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन, "दिला तर न्हाई ना? उद्या येतो."

एक आबासाहेब जीपनं आले. पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला, आणि स्वतःच्या पिशवीतून कॅसेटी काढून माझ्यावर कॉपी करून घेतल्या. "घरी इचारून सांगतो," म्हणून गेले.

कलाबाई म्हणाल्या, "ह्यो इकत घ्याया आल्ता का भरून न्याया?"

आणि मज्जा ऐका, आठवड्यानं तेच आबासाहेब तक्रार घेऊन हजर! "तुमच्या डेकनं माजी गानी बिघडवली!" बिघडणारच. मीच रखडतो, तर माझ्या पोटातून निघालेलं गाणं धावेल कसं?

एका बाजाराच्या दिवशी डोंगरावरच्या राहीबाई आल्या. माझ्याभोवती फिरल्या, डाव्या बॉक्सवर टिचकी मारली, आत वाकून पाहिलं. दीपाला वाटलं, जमलं! त्या म्हणाल्या, "पोरी, गानारं राहू दे तुला. ह्यो एक खोका देती का? कोंबडी अंड्यावर बसवाया लई ब्येस हाय."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

येणारा प्रत्येक जण गाणं लावायला सांगे आणि दोन ओळी ऐकून चप्पल घाली. चौदा एप्रिल जवळ येत चालला. दीपा रात्रंदिवस एकच घोकत होती, यंदा पुन्हा हसू होता कामा नये.

अशात पारनेरहून फोन आला. दीपा दुकानातून धावतच आली आणि योगेशला सांगू लागली, "दादा, हा माणूस वेगळा वाटतो रे! आधी स्वतःचं नाव सांगितलं, याकोब भिंगारदिवे. निवृत्त शिक्षक आहेत. म्हणाले, 'बाळ, आवाज खरंच नव्यासारखा आहे ना? मला तीन गाड्या बदलून यायचंय.'"

"मग तू काय म्हणालीस?"

दीपानं ओढणीनं घाम पुसला. मग म्हणाली, "हो म्हणाले."

योगेश हसला. "मग नव्यासारखा करू या की!"

त्यानं कॉलेजातल्या मित्राचा एक छोटा नवा टेप आणला, सेलवर चालणारा. बेत असा ठरला. डावा बॉक्स स्वयंपाकघराच्या पडद्याला पाठ लावून ठेवायचा. त्याची मागची फळी काढायची. पडद्याआड योगेश बसणार, टेप बॉक्सच्या पाठीला लावून धरणार. माझ्या बॉक्सच्या वायरी काढून टाकायच्या, म्हणजे मी मुका. पण माझ्यात कॅसेट फिरत राहील, दिवे नाचत राहतील. दीपा मोठ्यानं म्हणणार, "लावते हं, सर!" आणि पलीकडे योगेश बटण दाबणार. तात्यांना अक्षर सांगायचं नाही.

त्या टेपात घालायची कॅसेटसुद्धा एकेकाळी, माझे बरे दिवस होते तेव्हा, माझ्यावरच कॉपी केलेली. माझंच गाणं, पण माझं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मित्रांनो, आमच्यासारख्यांचं तोंड दुसऱ्याच्या बटणावर असतं.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी तात्या घरी आले आणि मागोमाग याकोब सर. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्यावर प्रवासाची धूळ. कलाबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या. दीपानं पाणी दिलं. सर म्हणाले, "माझी मार्था, म्हणजे माझी पत्नी, चर्चमध्ये गाणी म्हणायची. आता तिला पायऱ्या चढवत नाहीत. म्हटलं, रविवारची गाणी टेप करावीत आणि घरी मोठ्या आवाजात लावावीत. तिला वाटलं पाहिजे, आपण मधल्या बाकावरच बसलोय."

दीपानं तांब्या खाली ठेवला. मी पाहिलं. ती क्षणभर पडद्याकडे वळली. वाटलं, आता सांगेल. सांग गं, सांग! पण ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "लावते हं, सर!"

आणि काय सांगू! डाव्या बॉक्समधून असं टणटणीत गाणं निघालं की तात्याच चकित झाले. त्यांचा चेहरा उजळला. "बगा, सर!" ते म्हणाले. "मला वाटलं हुतं बेल्ट गेला. पन न्हाई! जातिवंत हाय आमचा डेक!"

सर डोळे मिटून ऐकत होते. मांडीवर बोटांनी ताल धरला होता. माझे दिवे माझ्याच रखडत्या चालीनं उठत-बसत होते आणि गाणं भलतीकडेच पळत होतं. दीपा दिवे झाकायला आडवी उभी राहिली. तात्या मला जातिवंत म्हणत होते, आणि मला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि फळीसकट मला पोटात घ्यावं.

तेवढ्यात लाइट गेली.

दुपारची वेळ. घरात बल्ब लागलेला नव्हता. पडद्याआड बसलेल्या योगेशला कळायचं कसं? माझे दिवे मात्र झपकन विझले. कॅसेटची चाकं थांबली. टेबलफॅन गरगरत गरगरत उभा राहिला. आणि गाणं? गाणं आपलं जोरात चालूच!

दीपा खोकली. गाणं चालू. ती आणखी जोरात खोकली. गाणं आणखी रंगात! सरांनी डोळे उघडले. पंख्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तात्यांचा हसरा चेहरा तसाच राहिला आणि त्यातलं हसू हळूहळू निघून गेलं.

दारातून कलाबाई आल्या, डोक्यावर दळणाचा डबा. "लाइट गेली गं बया! गिरनी बंद पडली, आर्दं पीठ, आर्दे दाने तसंच घिऊन आले." त्यांनी डबा उतरवला आणि त्या थबकल्या. "आन ह्यो कसा गातोय?"

 मी गातच होतो. म्हणजे मी नव्हे!

तात्या उठले. त्यांनी पडदा बाजूला केला. योगेश मांडी घालून बसला होता, टेप बॉक्सला टेकवून, घामानं निथळत. तात्यांनी हात पुढे केला आणि टेप बंद केला. गेल्या जयंतीला माझ्यावर ठेवलं होतं, तेच बोट.



तात्या सरांसमोर येऊन उभे राहिले. "सर," ते म्हणाले, "पोरांनी केलं म्हनून मी सुटत न्हाई. माज्या घरात झालं, म्हंजी म्याच केलं." आणि त्यांनी मान खाली घातली. घंटेला खोटं बोलू न देणारा माणूस! दीपा भिंतीला चिकटून रडत होती.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "लाइट आली की याला त्याचं स्वतःचं गाऊ द्या. मी थांबतो."

मग सगळे थांबले. कलाबाईंनी चहा केला. तो कुणाला गोड लागला नाही. योगेशनं मान खाली घालून माझ्या वायरी पुन्हा जोडल्या. पंखा फिरू लागला, माझे दिवे लागले, तेव्हा मला वाटलं, आज गळा कायमचा बसावा. पण दीपानं बटण दाबलं. मी गायलो. रखडत, फरफरत, चिखलातून पाय ओढत. कुणी हसलं नाही. सरांनी एक ओळ न गाळता सगळं गाणं ऐकलं.

"रेकॉर्डिंग होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं, सर," दीपा म्हणाली. "पण तेही रखडतं. आणि डावा बॉक्स उंदरानं कुरतडलाय."

"बेल्ट बदलता येतो, बाळ. कागद चिकटवता येतो. हे तू फोनवर सांगितलं असतंस, तरी मी आलो असतो आणि घेऊन गेलो असतो."

दीपानं आशेनं वर पाहिलं. "मग आता घ्या ना, सर. तुम्ही म्हणाल त्या किमतीला द्या, असं सांगते मी तात्यांना."

सरांनी पिशवी खांद्याला लावली. "मार्थाची एक सवय आहे," ते म्हणाले. "घरात काही नवं आणलं की ती वस्तूचं विचारत नाही. विचारते, कुणाकडून आणलंत? माणसं कशी होती?" त्यांनी चप्पल पायात सरकवली. "मी तिला काय सांगू?"

आणि ते गेले. तात्या त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले, पण दोन पावलं मागून चालत.

त्या वर्षी चौदा एप्रिलला आमच्या उंबऱ्यावर काहीच मांडलं नाही. तात्यांनी बुद्धवंदना नुसत्या तोंडानं म्हटली. ज्या हसण्याच्या भीतीनं हे सगळं केलं, ते कुणी हसलंच नाही. मला आत फळीवर ऐकू येत होतं, आणि त्यांचा उघडा आवाज मला माइकवरच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

नंतर एकदा दुकानात फोन आला. दीपा गेली आणि शेठसमोर सगळं धडाधड सांगून मोकळी झाली, "बेल्ट सैल आहे, गाणं रखडतं, डावा बॉक्स फाटलाय." पलीकडून फोन आपटला. मच्छिंद्रशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "आगं ए, तुला इकायचंय का न्हाई?" हे तिनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा तात्या कितीतरी दिवसांनी हसले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दीपानं स्वतः मला मांडीवर घेतलं आणि तात्यांबरोबर नगरला आसारामकडे नेलं. मला उघडलं, तर आतून जाळ्याच जाळ्या निघाल्या. बेल्ट म्हणजे काय हो, बांगडीएवढं एक रबरी कडं! तेवढ्यासाठी केवढं रामायण झालं! आता माझं गाणं धावतं. डाव्या बॉक्सला नवा कागद आहे, थोडासा घोगरेपणा राहिलाय. तो माझाच आहे.

मी अजून विकला गेलो नाही. तात्या म्हणतात, इकायचा न्हाई. दीपा म्हणते, विकायचा, पण एकाच माणसाला. सरांचा पत्ता कुणीच विचारून घेतला नव्हता, तेवढं धाडसच कुणाला झालं नाही. म्हणून पारनेरकडचं कुणी भेटलं की ती विचारते, "याकोब सर माहीत आहेत का हो? ज्यांच्या मार्थाबाईंना पायऱ्या चढवत नाहीत?" अजून कुणी हो म्हटलेलं नाही. ती विचारायची थांबलेलीही नाही.

मित्रांनो, घरातल्या वस्तूला वेळच्या वेळी उघडा, पुसा, तिचं सैल झालेलं घट्ट करा. विकायची झाली तर खुशाल विका, त्यात आम्हांला कमीपणा नाही. पण आमच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घालू नका. आम्ही रखडलो तर रखडलेलं ऐकवा. घेणारा घेईल, न घेणारा चप्पल घालून जाईल. पण घरी गेल्यावर त्याला कुणी विचारलं, 'माणसं कशी होती?', तर त्याला उत्तर देता यायला हवं.

राजूरला लाइट अजूनही जाते. गेली की दीपा हातातलं काम टाकून माझ्याकडे बघते. माझे दिवे विझलेले असतात आणि मी गप्प असतो. अगदी खराखुरा गप्प.